साक्षीदाराचा रकाना

दुपारी दोनला खोर ख्वैरकडून धूळ येते,
खाणीची, पिठासारखी.
खिडकी बंद असली तरी
की-बोर्डच्या फटींत बसते.
मी रोज ब्रशने झाडते. चौदा वर्षं.

इश्राक आली तेव्हा हातात बूट होते,
लोखंडी टोकाचे, सदतीस नंबर,
दुकानाचं लेबल अजून तसंच.
"यांनी एकही दगड पाहिलेला नाही," म्हणाली,
आणि हसली. मग हसणं थांबलं.

ही तिसरी साइट व्हिजिट. मुलगे खाणीवर,
सात मुली लायब्ररीत, खाणीचे फोटो बघत.
परीक्षेत प्रश्न आला तो खाणीतलाच.
वीस गुणांना.

मी फॉर्म दिला.
कधी, कुठे, कोणी: तिनं सावकाश भरलं,
नकाशावर समोच्च रेषा ओढावी तसं.
साक्षीदार, इथे पेन थांबलं.
बाकी सहाजणींपैकी एकीची स्कॉलरशिप आहे,
एक म्हणते, ऊन फार असतं गं, बरंच झालं.
उरलेल्यांनी फोनच उचलला नाही.

संध्याकाळी डॉ. चांदोरकरांचा फोन.
"वहिनी, काहीतरी कागद आलाय म्हणे तुमच्याकडे.
अहो, मुलींच्या काळजीपोटीच ना.
तिथे साधं बाथरूम नाही."
त्यांना कोणी सांगितलं, मी विचारलं नाही.
गणपतीला येतात आमच्याकडे,
माझ्या हातचे मोदक, मोजून अकरा.
"मग बाथरूम मागायचं होतं, सर," असं मी म्हणाले
फोन ठेवल्यावर, भिंतीला.
त्यांना म्हणाले, "बघते."

खरं सांगायचं तर
ती यादी माझ्याच बोटांनी टाईप झालेली.
रजिस्टरवर सव्वीस, त्यांनी पाठवली एकोणीस.
वजाबाकी मला येते.
पाण्याच्या बाटल्याही मी एकोणीसच सांगितल्या.
तिन्ही वेळा.

माझा व्हिसा याच इमारतीच्या सहीवर,
लेकीची फी जानेवारीत.
नवरा म्हणाला, "तू कारकून आहेस, कोर्ट नाहीस."
बरोबर आहे.
कारकुनाकडे काय असतं?
तारखा. पाठवलेल्या मेल. बाटल्यांची बिलं.

सकाळी फॉर्म पुन्हा काढला.
इश्राकला फोन करून विचारलं, लिहू का?
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग लिहिलं: कुंदा मयेकर, विभाग कार्यालय.
सोबत जोडपत्रं.

शिक्का मारला. आवक क्रमांक घालायला
फाइल उघडली, तर पहिलंच पान कोरं.
क्रमांक एक.

चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले,
आमच्याकडे तसलं काही होत नाही.