मेणाचं घर

उद्घाटनाला चार दिवस. आम्ही पाचजण
जुन्या जालन्यात, बंद जिनिंगच्या हॉलमध्ये,
जिथं भिंतींना अजून सरकीचा वास येतो
आणि तुळईवरून अधूनमधून
कापसाचा एखादा पुंजका खाली उतरतो,
कुणी बोलावलेलं नसताना.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती,
म्हणून तर निवडली.
एक कावळा, एक चिमणी,
शेणाचं घर, मेणाचं घर,
पाऊस,
आणि मध्ये एक न उघडणारं दार.

रखमाजी सोनकांबळे,
फ्लेक्स येईस्तोवर गावभर पाट्या रंगवणारे,
म्हणाले, मला दार द्या.
आतून चिमणी जे जे सांगते,
बाळ निजलंय, बाळ उठलंय, बाळाचं न्हाणं व्हायचंय,
ते एकेका पाटीवर लिहितो,
पिवळ्यावर लाल, खाली काळी सावली,
'उधार बंद'च्या अक्षरात.

उत्कर्षकडं अकरा फोटो.
संभाजीनगरात खोली शोधत हिंडला तेव्हाचे,
आडनाव सांगितल्यावर लागलेल्या दारांचे.
खाली मजकूर नको म्हणाला.
फक्त भाडं लिहा.

शेवंता कांगणे शेण गोळा करत हिंडली.
म्हशीचं चालंल का, एकीनं विचारलं.
दुसरी म्हणाली, घमेल्याला वीस रुपये.
नुसरतनं मेण आणलं, टेम्पोतून, चाळीस किलो,
आणि साबणाच्या साच्यात
रात्र रात्र विटा पाडल्या,
पांढऱ्याशुभ्र, हात लावावा की नको अशा.

माझ्याकडं पाऊस होता.
पाइपाला भोकं, खाली टिल्लू पंप,
वर पत्रा, आवाजासाठी.
नळ दहाव्या दिवशी येतो, म्हणून टँकरवाल्याला फोन केला.
कशाला पायजे, म्हणाला.
म्हणलं, पाऊस पाडायचाय.
त्यानं फोन ठेवला.

बुधवारी एकला लाइट गेली.
बाहेर त्रेचाळीस.
आधी छप्पर बसलं, दमलेलं माणूस बसतं तसं.
मग खिडकी मिटली.
भिंती एकमेकींकडं कलल्या,
काहीतरी कानात सांगायचं असल्यासारख्या,
आणि सांगता सांगता वितळल्या.
पाचला पंखे फिरले तेव्हा
फरशीवर एक पांढरं थारोळं होतं,
त्यात रुतलेला कापसाचा पुंजका.

शेणाचं घर मात्र खडखडीत वाळलेलं.
बोटानं वाजवलं, तर ठक्क बोललं.

कार्डं छापून झालेली.
आता कसं करायलाव, शेवंता म्हणाली.
बर्फ लावू, उत्कर्ष म्हणाला. कुणी हसलं नाही.
गोष्ट सांगणाऱ्याच्या गावात
पाऊस भरपूर असणार, मी म्हणालो.
नुसरत काहीच बोलली नाही.
उलथन्यानं मेण खरवडत बसली,
एक गोळा हातात घेतला,
दाबला, चोच काढली,
आणि उठून
शेणाच्या घराच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं,
ह्या घराला दार नाही.
शेवंते, दार केलंच नाहीस?
वाहूनच जाणार होतं की, ती म्हणाली,
त्याला कशाला दार?

नुसरत वाकून आत गेली.
मग उत्कर्ष, मग शेवंता.
पंपाची वायर गुंडाळून मीही.
आत अंधार होता, आणि गारवा,
भर वैशाखात माठाच्या बुडाशी असतो तसला.
गुडघ्याला गुडघे लागत होते.

बाहेर रखमाजी एकटेच,
हातात ओल्या पाट्या, लावायला दार कुठं नाही.
या की आत, आम्ही म्हणालो.
त्यांनी पाटीवर फुंकर घातली.
थांबा, म्हणाले,
एवढा रंग वाळू द्या.