गोडं पाणी

पेरून बत्तीस दिवस झाले.
ताडांच्या सावलीपलीकडे, घरामागच्या उंचवट्यावर
तरवा उभा आहे.
वारा आला की मांजराच्या पाठीसारखा वाकतो
आणि परत सरळ होतो.

बी मीच फेकलं होतं. मूठ सैल सुटली,
मधला एक पट्टा फार दाट पडला.
सिबेत, माझी सासू, काही बोलली नाही.
उकिडवी बसून
गर्दीतली एकेक काडी उपटत राहिली ऊन उतरेपर्यंत.
“खेटून वाढलेली पोरं,” म्हणाली उठताना,
“उंच होतात. उभी राहत नाहीत.”

चुलीची राख चाळून दिली. शेळ्यांसाठी काटे रचले.
पाखरांसाठी लांदिंगने दोरीला डबे टांगले,
मग लांब दांड्याचा कायेंदो खांद्यावर टाकून
तो खाली तिवरांच्या कडेला गेला, चिखल उलथायला.
वरंबे कधीचे तयार आहेत.

तयार नाही ती जमीन.
कोरड्या महिन्यांत आमची कासामान्स उलटी वाहते,
समुद्राचं मीठ आणून खाचरांत ठेवते,
आणि पाऊस ते धूत बसतो, आपल्या सवडीने.
घाई केली तर मुळं जळतात.
थांबलं तर रोप वाफ्यातच जून होतं,
पेरं धरतं, मग फुटवे देत नाही.
आज शेंड्यांवर पिवळी झाक दिसली.

चाळीस वर्षं या गावाच्या लावणीचा दिवस
सिबेतच्या जिभेने ठरवला.
ओंजळभर पाणी घ्यायचं, गालात घोळवायचं, थुंकायचं.
“अजून नाही.”
किंवा काहीच न बोलता कमरेचं वस्त्र वर खोचायचं,
की बायका टोपल्या उचलायच्या.

आज तिने खूप वेळ घोळवलं.
परत घेतलं.
परत.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
“तिदा, तू चाख.”

वाटलं, परीक्षा घेतेय.
मग आठवलं, महिनाभर तिच्या हातचं कालवण
एक दिवस खारट, एक दिवस अळणी.
मुलं कुरकुरली होती. मी मुकाट जेवले होते.

पाण्यात चिखल होता, कुजलं पान, गंजाची चव,
आणि अगदी शेवटी, जिभेच्या कडांना,
पेंढी बांधताना घामेजली दोरी
दातांत धरावी, तसं काहीतरी.

“खारं?” तिने विचारलं.
लग्न होऊन अकरा वर्षं झाली.
तिला उत्तर माहीत नाही असा प्रश्न
तिने मला आज पहिल्यांदा विचारला.

“एक पाऊस अजून,” मी म्हणाले.
बांधावर उभ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.
तिने मान हलवली, जणू तिचंच वाक्य मी बोलले,
आणि रिकाम्या टोपल्या घराकडे वळल्या.

रात्री हंडीवर झाकण ठेवता ठेवता
मिठाचं मडकं तिने माझ्या बाजूला सरकवलं.
आकाश कोरडं होतं. बाहेर तरवा
आणखी एका दिवसाने म्हातारा होत होता,
माझ्या शब्दावर.