वादी

सरकार विरुद्ध दिनेश वगैरे.
त्या कागदावर मी चौथी साक्षीदार,
पंच, डॉक्टर आणि समोरच्या रसवाल्यानंतर.
मनगट मोडलं माझं,
फिर्याद मात्र सरकारची.
सरकारला कुठं दुखलं, ते विचारायची सोय नाही.

दोन वर्षं दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात बाक झिजवला.
आज साहेब रजेवर, पुढच्या वेळी आरोपी आजारी,
एकदा पुकारा झाला तेव्हा नेमकी मी बाथरूमला.
आणि इकडे दांडिया बाजारात
माझ्या दुकानाला त्यांचं कुलूप.
आत मशीन, कात्री,
आणि अकरा जणींची ब्लाउजं.
मोहित्यांच्या सुनेचं लग्नातलं, फक्त हुक लावायचे राहिलेले.
तिच्या मुलीचं जावळसुद्धा झालं.
भेटली की अजून विचारते,
"कुमुदताई, शनिवारी देताय ना?"

हवालदाराला म्हटलं, कुलूप तेवढं काढून द्या.
म्हणाला, "ए तो दिवानी मॅटर छे, बेन."
मला वाटलं, वेडी म्हणतोय.

पाणी शोधत एकदा भलत्याच मजल्यावर गेले.
कूलरशेजारी उघडं दार, वर पाटी:
मफत कानूनी सहाय.
फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार.
आधी पाणी प्यायले, मग डोकावले.

वोराबेन, वकील, माझ्या धाकटीच्या वयाच्या,
डबा खात होत्या. झाकण लावून म्हणाल्या, बसा.
मी पिशवीत उत्पन्नाचा दाखला चाचपडू लागले
तर म्हणाल्या, बाईमाणसाला तो लागत नाही.
भाड्याच्या पावत्या आहेत?
आहेत! एकोणीस वर्षांच्या,
बिस्किटांच्या डब्यात, बटणांखाली.
मनगटाखेरीज कुणी काही विचारलं
ते पहिल्यांदाच.

"सहा महिन्यांत आला असतात, तर वाट जवळची होती."
मला कुणी सांगितलं नाही.
"आता लांबची आहे. पण आहे."
गोड बोलल्या नाहीत, म्हणून विश्वास बसला.

गेल्या बुधवारी दावा टाइप होऊन आला.
गुजरातीत. बोट ठेवून वाचला.
पहिल्या ओळीत, सरकार असायचं त्या जागी,
कुमुदिनी रंगराव शिरके, वादी.
दिनेश खाली.

सही करताना मनगट कळवळलं, शिरकेतला र घसरला.
"वाकडी आली," म्हटलं.
"तुमचीच आहे ना?"

येताना मांडवीतून
हुकांचं एक पाकीट घेतलं.
शनिवार कुठला, ते अजून ठरायचंय.