पालथा तांब्या

पाडव्याच्या आदल्या दिवशी
आम्ही दोन पोती भांडी रिक्षात घातली.
जेल रोडपासून रविवार कारंजापर्यंत
गतिरोधक आला की पोत्यांत लग्नं वाजायची,
आमचं, धाकटीचं, आणि अशा कुणाकुणाची नावं
जी आता भांड्यांवरच उरलीत,
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली:
चि. सौ. कां. हेमलता हिस सप्रेम भेट.

रिक्षावाला म्हणाला, काका, दुकान टाकताय?
मी म्हटलं, मोडतोय.

सदतीस वर्षं मी नोट प्रेसमध्ये होतो.
कोऱ्या करकरीत थप्प्या डोळ्यांसमोरून गेल्या
पुरातल्या गोदावरीसारख्या,
काठावरून पाहायच्या, हात घालायचा नाही.
संध्याकाळी फाटकावर झडती.
खिसे उलटे करून दाखवायचे,
अस्तराची पांढरी जीभ बाहेर,
मग घर.

घरी आलो की मात्र साठवत सुटायचो.
डबे, डब्यांत डबे, दोऱ्या,
मिठाईच्या खोक्यांचे रबर,
बंद पडलेल्या मिक्सरशेजारी
त्याच्याआधी बंद पडलेला मिक्सर.
पाहुणे येतील म्हणून चोवीस ताटं.
पाहुणे आले, तेव्हा
धुणार कोण म्हणून कागदाच्या डिश.

हेमलता हे जानेवारीतच बोलली होती,
एक तारखेला, पारा सहावर असताना:
अंघोळीच्या पाण्याला एक पातेलं लागतं,
मग कपाटात एकवीस कशाला?
मी नुसतं हुं केलं.
पालथ्या घड्यावर पाणी, ती म्हणाली,
आणि थांबली चैत्रापर्यंत.
आपलं वर्ष अजून लागायचंय.

भांडी बाजारात वनकुद्र्यांनी काटा लावला.
तांबं वेगळं, पितळ वेगळं,
स्टीलचं तर तोंडदेखलंच वजन.
एकेक नाव पारड्यात चढलं.
यमूआत्या, नऊशे ग्रॅम.
ओझरचे साडू, सहपरिवार, दीड किलो.
माझा गळा उगीच दाटला, तर ही म्हणे,
आत्याच्या घागरीत आपण काय ठेवलं होतं?
जुनी लाइटबिलं.
वनकुद्रेसुद्धा हसले.

एक तांब्या तिनं आधीच बाजूला काढला होता.
पोचा आलेला, काठाशी काळा,
शिवणाच्या पहिल्या पैशांतून घेतलेला.
त्यावर कुणाचंच नाव नाही.
वनकुद्र्यांनी मशीन उचललं,
वहिनी, नाव टाकून देऊ? फुकट.
ती एवढा वेळ गप्प राहिली
की पलीकडच्या गल्लीतली ठोकाठोक ऐकू आली.
राहू दे, म्हणाली. कोराच बरा.

पैसे मी सवयीनं मोजले.
बोटं अजून विसरलेली नाहीत.
चाळीसची साखरेची गाठी घेतली.
बाकीच्यांचं काय आणायचं,
ते परतीच्या सिटी बसमध्ये
दोघांनाही सुचेना.

सकाळी चिंचेनं घासून
ती तांब्या घेऊन आली.
मी गॅलरीत, स्टुलावर.
काठी, तिची हिरवी साडी, कडुलिंबाचा डहाळा, गाठी.
इतकी वर्षं हेच करतोय,
आणि आज ध्यानात आलं,
वर्षाच्या पहिल्या दिवशी
सगळ्यांत उंच आपण जे लावतो
ते रिकामं असतं,
आणि वर पालथं. काही ठेवू म्हटलं
तरी ठेवता यायचं नाही.

मला फाटकावरचे माझे खिसे आठवले.

सरळ लागलाय ना? खालून तिनं विचारलं.
पोचा नेमका रस्त्याच्या बाजूला आला होता.
मी म्हटलं, अगदी.

(दोऱ्यांचा डबा माळ्यावर आहे.
तिला अजून सांगितलेलं नाही.)

आत फळीवर दोन ताटं, चार वाट्या,
आणि मध्ये एवढी मोकळी जागा
की चमचा पडला तर घर दणाणतं.
कडुलिंबाची गोळी चघळत
आम्ही बराच वेळ बसून राहिलो
त्या आवाजाची सवय करून घेत.