अष्टमीचा भांग

रविवारी अष्टमी. तीच मुद्दाम धरली.
भांगाचं पाणी, ओढ कमी,
पहिल्यांदा वल्हं हातात घेणाऱ्याला तेवढंच झेपेल.
जाताना ओहोटीच्या उलट, दमल्यावर तीच आणून सोडील धक्क्याला.

शनिवारी अकराला आचऱ्याची खाडी तळाला गेली
आणि आम्ही पोटरीभर चिखलात उतरलो,
मी, इनासचा धाकटा, दाजी कोयंडे,
खांद्यावर चिवारीच्या बावीस काठ्या,
शेंड्याला जुन्या नायलॉन साडीच्या लाल चिंध्या.

"पाण्यात रस्तो करतलास?"
तिसऱ्या काढता काढता सुलोचना ओरडली,
"मगे डांबर खंय?"

आधी तळ साफ. जाळ्याचा कुजका गुंता,
फुटकी बाटली, मोटारसायकलचा एक टायर
कालवांनी पुरता चढलेला.
कालवं ब्लेडहून वाईट.
होडी उलटली की पाय नेमका तिथेच पडतो.
तिवरांची मुळं मात्र हलवली नाहीत,
वाटच थोडी वाकडी केली.

धक्क्याच्या सात पायऱ्या नारळाच्या सोडणांनी घासल्या.
कपडे बदलायला झापांचा आडोसा.
पंचायतीच्या संडासाला कडी नव्हती,
ती सगळ्यात आधी बसवली.
पाण्याची भीती मागाहून येते;
लांबून आलेली बाई पहिल्यांदा कडी आहे का बघते.

यादीत एकोणीस नावं. 'पोहता येतं का?'
चौदा जणांचं 'नाही'.
निपाणीच्या शकुंतला मगदूम, वय एकसष्ट,
यांनी रकाना कोरा सोडलाय
आणि खाली बारीक अक्षरात:
'नुसतं बघायला आले तरी चालेल ना?'

शेवटची काठी मी वळणाशी रोवली होती.
तिथून वाकलेली फांदी दिसते, तिच्यावर खंड्या असतो,
एवढं तरी बघून लोकांनी फिरावं, असं माझं.
दाजी काही बोलले नाहीत.
काठी उपटली, पन्नास वाव अलीकडे आणली,
छातीच्या भाराने दाबली.
"नवो माणूस जाऊक जाता.
परतूचा बळ घराक ठेवन येता."

मग दुपार कलताना, पाणी चढू लागल्यावर,
मला म्हणाले, बस होडीत. नव्यासारखी बस.
वल्हं उलटं धरलं, खांदे आखडले,
तरी जमेना. इथंच वाढलेली मी,
कंबर आपली आपण तोल घेते.
शेवटी डोळे मिटले.
चौथ्या काठीशी खालून काहीतरी खर्रकन घासलं,
होडी कलली, पोटात खड्डा पडला,
आणि मी, मीच, दाजींना हाक मारली.

टायर दोन होते.

आता संध्याकाळ. काठ्या अर्ध्या पाण्यात,
चिखलातली आमची पावलं बुजलीत.
अठरा जाकिटं दोरीवर निथळताहेत.
धक्क्यावर सावली येईल तिथे
प्लास्टिकची एक खुर्ची ठेवलीय, निपाणीच्या बाईंसाठी,
आणि तिच्या पाठीला अडकवलंय
एकोणिसावं.