मंगळवारचं खोडरबर

दर मंगळवारी ग्लेनिस माझ्यापुढे
परत आलेल्या पुस्तकांची चळत ठेवते,
वर एक खोडरबर.
रेडकारच्या या वाचनालयात माझं काम एवढंच:
लोकांनी पेन्सिलीनं जे म्हटलंय
ते त्यांनी म्हटलंच नव्हतं, असं करून ठेवायचं.

पाककृतींच्या पुस्तकांत मिठावरून वाद असतात.
बागकामात गोगलगाईंना शिव्या.
पण गुन्ह्यांच्या कपाटात,
जिथे कुणी दमलेला इन्स्पेक्टर
ओल्या कोटानिशी पहिल्याच पानावर येऊन उभा राहतो,
तिथे एकच हात,
बारीक, डावीकडे कललेला,
रिपोर्ट लिहिण्यात जन्म गेलेला.

“जबाबाच्या प्रत्येक पानावर सही लागते.”
“पिशवीवर वेळ कुठाय?”
“इतका बरा चहा? कुठलं ठाणं हे?”
आणि शंभराव्या पानाच्या अलीकडेपलीकडे
दर वेळी एकच शब्द, खाली रेघ मारून:
“मेव्हणा.”

मेव्हणा कधीच नसायचा.
अकरा पुस्तकं मी ताडून पाहिली.
कधी डॉक्टर, कधी शेजारीण,
एकदा तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा.

आधी मला कंटाळा यायचा या कादंबऱ्यांचा.
एक प्रेत सापडतं, आणि मग तीनशे पानं
माणसं नुसती दारं वाजवत हिंडतात.
दारं वाजवणं हीच गोष्ट आहे
हे मला त्या समासांनी शिकवलं.
बेचाळीस घरांत कुणी काही पाहिलेलं नसतं.
त्रेचाळिसाव्या घरची बाई दाराची साखळी न काढता म्हणते,
त्यांनी कचऱ्याचा डबा त्या दिवशी आत घेतला नव्हता बाई,
आणि मोजे भिजलेली एक पोरसवदा कॉन्स्टेबल
ते लिहून घेते.
बस. लिहून घेते.
(समासात, हलक्या हातानं: “शाबास.”)

अशी चौकशी त्या मेलेल्या माणसाची
जिवंतपणी कुणीच केलेली नसते.

मी खोडत राहिले. भुगा फुंकरीनं उडवत.
मग एका पुस्तकात,
इन्स्पेक्टर एका आईच्या दारात उभा आहे,
काय सांगायला आलाय ते तिला घंटेवरूनच कळलंय,
तिथे लिहिलेलं:
“टोपी आधीच काढून हातात धरायची असते.
माझ्याकडून राहून गेलं. १९८१.”

रबर मी टेबलाच्या खणात ठेवलं.
ग्लेनिसला म्हटलं, हरवलं.
पुरावा दडवणं म्हणतात याला, मला ठाऊक आहे,
कलमही सांगू शकेन आता.

संगणकात एक बटण दाबलं असतं
तर नाव कळलं असतं, पत्ता, जन्मतारीख.
नाही दाबलं.
विनापरवाना उघडलेल्या कपाटापायी
खटले कसे कोसळतात, ते मी अकरा वेळा वाचलंय.
तो पुरुष की बाई, हेही मला माहीत नाही.
काउंटरवर मान हलवणाऱ्या सगळ्यांचीच
बोटं मी पाहत असते, शिशानं काळवंडलीत का.

बारावं पुस्तक फेब्रुवारीत आलं, परतीच्या पेटीतून,
मुदत उलटून पाच आठवडे झालेले.
अठ्ठ्याण्णवाव्या पानावर “मेव्हणा.”
दोनशे बाराव्यावर स्वल्पविरामासारखी एक खूण.
पुढे काही नाही.
पुढे नुसतं छापलेलं.

त्या रात्री मी ते संपवलं.
खिडकीबाहेर समुद्र काळा,
पोलाद कारखान्याच्या जागी आता नुसतं आभाळ.
बोटीच्या छपरीत रक्ताचा डाग सापडला,
पेट्रोलच्या पावतीवरली वेळ जुळली,
आणि तीनशे एकेचाळिसाव्या पानावर,
वकिलाच्या शेजारी बसून, हुंदका न देता
ज्यानं कबूल केलं, तो
मेव्हणा होता.

मी हसले. मोठ्यांदा. मग बराच वेळ तशीच बसले.

सकाळी कार्डं भरायची पेन्सिल घेतली,
शेवटच्या पानाखाली लिहिलं, “बरोबर,”
वेळ घातली, तारीख घातली, सही केली,
आणि पुस्तक कपाटात
दर्शनी उभं करून ठेवलं.