थंड इंजिन

गाडी रात्रभर इथेच राहू द्या, म्हटलं हेडाऊंना.
पहाटे पाचच्या आत या.
तोवर चावीला कुणी हात लावायचा नाही.

माझ्याआधी तिघांचे हात लागून झाले होते.
सक्करदऱ्याला एकाने रेडिएटरचं झाकण बदललं,
दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून फेकूनच दिला,
तिसऱ्याने रेडिएटर ॲसिडने धुतला
आणि बिलाच्या मागे लिहिलं : मे महिना.
शेहेचाळीसच्या वर पारा गेला
की नागपुरात सगळ्या रोगांना हे एकच नाव.

दिघोरी नाक्यापुढे माझं दुकान.
पहाटे पावणेपाचला वारा जरा माणसात असतो.
समोरच्या कूलरची खस तेवढी टपकत होती.
बॉनेट उघडलं,
वरचा पाइप दोन बोटांत धरला.

रात्रभर निवलेला पाइप बोटाचं ऐकतो,
दाबला तर दबतो, सोडला तर सावकाश वर येतो.
हा बोट परत पाठवत होता.
झाकण अर्धं फिरवलं.
पाणी गार,
आणि तरी फुस्स.

हेडाऊंना म्हटलं, उन्हाचा दाब उन्हासोबत उतरतो.
दुपारी चढला, रात्री गेला, त्याची तक्रार कोण करतो,
तेवढा तर इथे माणसांनाही असतो.
हा उतरलेला नाही.
याला दुसरीकडून वाट मिळालीय.

"काहून पण? झाकण तर भूषणनं सोताच्या पैशानं टाकलं ना,
मागच्याच महिन्यात!"

झाकण म्हणजे दार, काका.
भांडण आतल्या खोलीत आहे.

झाकण काढून ठेवून गाडी चालू केली.
भूषण, त्यांचा पोरगा, टॉर्च धरून उभा.
मिनिटभरात बुडबुडे आले,
इंजिन अजून थंडच, आणि पाणी उकळल्यासारखं.
हेडाऊ मानेनात, म्हणून काचेच्या नळीत निळं औषध घेतलं,
रबरी फुग्याने टाकीवरची हवा त्यातून ओढली.
निळ्याचं हिरवं झालं.
हिरव्याचं पिवळं.
धूर आहे पाण्यात, म्हटलं. आग पाण्याला भेटते आहे.

मग एकेक प्लगची वायर काढत गेलो.
पहिली काढली, बुडबुडे.
लावली. दुसरी काढली,
बुडबुडे, आणि इंजिनाचं लंगडणं.
तिसरी काढली
आणि पाणी बसलं.
अगदी बसलं.
पण टॉर्चचा उजेड त्यात हलत राहिला.

तीन नंबरला गॅस्केट जळलंय, म्हणालो,
हेडही थोडं वाकलं असणार.
हे आपोआप होत नाही.
काटा लालमध्ये असताना कुणीतरी
इथवर जिभेवर आलं होतं.
उजेड अजून हलत होता.
चौदा वर्षांची गाडी आहे, काका, म्हणालो. गॅस्केट जातंच.
हेडाऊंनी मान हलवली,
खर्च विचारला, दोनदा विचारला,
आणि पायीच निघाले नाक्याकडे.

दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.
तोंडाला दुपट्टा बांधून सायकलवर भूषण आला.
माठातलं पाणी प्यायला. दुसरा ग्लास हातातच धरून बसला.
"मार्चमध्ये," म्हणाला, "उमरेड रोडले.
मागं तिघं जण होते, गाणी चालू होती.
काटा दिसला होता मले."

मी काही बोललो नाही.
बोलण्यासारखं इंजिनाने सकाळीच सांगून टाकलं होतं.
लांब दांड्याचा पाना त्याच्या हातात दिला.
हेडचे दहा बोल्ट आहेत.
बाहेरून आत यायचं, आलटून पालटून,
एका वेळी पाव फेरा, जास्त नाही.
एकच पकडून एकदम सोडलास
तर जे सरळ उरलंय तेही वाकेल.

त्याने दुपट्टा सोडला, पाना बसवला,
अंगाचं सगळं वजन टाकलं.
पहिला बोल्ट कडाडला तेव्हा
दोघंही दचकलो.